नव्या भिंतीतली ओल

१७ मे २०२५, शनिवार. एडिसन

आज ट्रेलर ताब्यात घेतला. अठ्ठावीस फूट, पांढराशुभ्र. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, आणि बटण दाबलं की बाहेर सरकून खोली मोठी करणारी एक अख्खी भिंत. तिला स्लाइड म्हणतात. आमच्या पिकअपला तो जोडला तेव्हा वाटलं, बहात्तराव्या वर्षी मला शेपूट फुटलं.

कशासाठी घेतला ते लिहून ठेवतो, कारण इथल्या मराठी मंडळातले निम्मे लोक समजतात की म्हाताऱ्याला भटकायची हौस आली. सुनेत्राची धाकटी बहीण वसुधा आठ सप्टेंबरला सिअ‍ॅटलच्या हॉस्पिटलात दाखल होणार. स्टेम सेल ट्रान्सप्लांट. त्यात रोगप्रतिकारशक्ती पार संपते, म्हणून नंतर तीन महिने घरचं कुणीतरी सतत जवळ हवं. वसुधाचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी आरोही रेडमंडला नोकरीत, तिला रजा मिळून मिळून किती मिळणार? बेलव्ह्यूचं त्यांचं घर दोन खोल्यांचं, पण दारात जागा ऐसपैस. सुनेत्रा म्हणत होती, मी विमानाने जाते, हॉलमध्ये गादी टाकून झोपेन. मी म्हटलं, सत्तरीची बाई तीन महिने जमिनीवर? आपलं घर आपण ओढत नेऊ, तिच्या दारात उभं करू. कुणाच्या उंबऱ्यावर ओझं नको.

डीलरच्या आवारात पस्तीस मराठी माणसं जमली होती. पूजाबिजा मी मानत नाही, हे जगजाहीर आहे. सुनेत्राची इच्छा होती म्हणून केली. चाकाखाली लिंबं, पुढे नारळ, बाजूच्या निळ्या पट्ट्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मग लोक म्हणाले, त्र्यंबकराव, दोन शब्द बोला. बोललो. प्रवासी आणि स्थलांतरित यांतला फरक या विषयावर. खरंच चांगलं झालं. मंडळातल्या रीमाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या नवऱ्याने, शार्दूलने, सगळं फोनवर चित्रित केलंय.

ट्रेलर दाखवायला डीलरने रे नावाचा तंत्रज्ञ दिला होता. हातात याद्यांची पाटी घेऊन उभा होता. नंतर बघतो तर त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेलेलं. विक्रेता ब्रॅड धावत आला, "इथे सही, इथे सही, इथे आद्याक्षरं." पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या. सगळे पेढे खात होते.

१९ मे

कपाटाचं दार उघडलं, ते हातात आलं. बिजागरीचे स्क्रू जाड कागदासारख्या काहीतरीत पिळलेले. मागे लाकूड नाहीच. दुसरं दार उघडलं नाही. हिंमत झाली नाही.

२४ मे. पेनसिल्व्हेनिया

सराव म्हणून दोन दिवसांसाठी आलो. दुपारी तासभर पाऊस पडला. स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी थेट पलंगावर. सुनेत्राने कुकरचं भांडं खाली लावलं आणि पोहे करायला घेतले. शेगडीची एकच बाजू पेटते.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? कांदा चिरा."

"नवी कोरी वस्तू गळते आणि तू कांदा चिरा म्हणतेस?"

"गळतेय तोवर खाऊन घेऊ. मग भांडं भरेल, ते ओतायला तुम्ही उठाल, आणि तिथेच उभे राहून मला सगळं सांगाल."

शेजारच्या ट्रेलरमधला ओहायोचा एक म्हातारा चौकशीला आला. म्हणाला, "नवा आहे ना? मग गळणारच. पहिलं वर्ष दुरुस्तीचं." त्याने हे हवामान सांगावं तसं सांगितलं. मी हादरलो. चूक असते याचा राग नाही. चुकीची सवय झाली की माणूस संपतो. म्हणतात की रोममध्ये कमानीचा आधार काढताना बांधणाऱ्याला त्याच कमानीखाली उभं करत. हा ट्रेलर बांधणाऱ्यांना मी एक दुपार या पलंगावर झोपवेन.

२ जून

फोनवर डोना, डीलरच्या दुरुस्ती विभागाची. दिवसातून चार वेळा तिच्याशी बोलतो. सहा आठवडे लागतील. रबरी पट्टी कारखान्यातून यायची आहे. कारखाना म्हणतो, डीलरला विचारा. डीलर म्हणतो, कारखान्याला विचारा. मी कारखान्याला नऊ पानी पत्र लिहिलं, एक प्रत विधिमंडळाच्या ग्राहक समितीला. पहिली दोन पानं कारागिरीच्या इतिहासावर.

सुनेत्राने वाचलं. "छान आहे. रबरी पट्टीचं सातव्या पानावर आहे का?"

मग म्हणाली, "अहो, विमानाचं बघू का? उगाच आपलं बघून ठेवते."

मी चिडलो. इतका आवाज चढवायला नको होता. म्हटलं, एका रबरी पट्टीपुढे मी हरणार नाही. आठ सप्टेंबरला तीन महिने आहेत. ऑगस्टच्या वीसला निघायचं म्हणजे निघायचं.

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

२९ जून, रविवार

ट्रेलर महिनाभर डीलरकडे उन्हापावसात उभा आहे. मला एका जागी बसवत नाही. आज मंडळात बोललो. विषय: हलगर्जीपणा हाच आपल्या काळाचा धर्म. तीस वर्षं मी या राज्याचे पूल तपासले. दोराला लटकून, गुडघाभर चिखलात उभं राहून एकेक बोल्ट हातोडीने वाजवून पाहिला. कुणी बघत नसताना नीट केलेलं काम, तेच काम, असं मी म्हणालो आणि सभागृह उठून उभं राहिलं. तीन जणांनी ट्रेलर घेण्याचा बेत तिथल्या तिथे रद्द केला.

सुनेत्रा आली नव्हती. हॉस्पिटलच्या नर्सचा फोन होता म्हणाली. घरी आलो तर टेबलावर तिची वही उघडी. नर्सने सांगितलेलं सगळं तिच्या सुबक अक्षरात. ताजी फुलं नकोत, कुंड्या नकोत, पाळीव प्राणी नकोत. "ओल, बुरशी अजिबात नको" याच्याखाली दोन लाल रेघा. फार घाबरवतात हे लोक. मी तिला भाषणातला बोल्टचा भाग म्हणून दाखवला.

"छान," ती म्हणाली. "जेवायला बसा."

२२ जुलै

ट्रेलर परत! डोना म्हणते, सगळं ठीक. स्लाइड गळत नाही, पाण्याचा पाइप मारून मी स्वतः पाहिलं. भिंतींना आतून नवा चकचकीत कागद लावलाय. जिंकलो. एका माणसाने नेट लावला की यंत्रणा हलते.

आत थोडा वास आहे. नव्या डिंकाचा असणार. सुनेत्रा पडदे लावायला आत गेली होती, खोकत बाहेर आली. म्हणाली, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा येतोय. मी म्हटलं, खिडक्या उघड, जाईल दोन दिवसांत.

खिडक्या तिने उघडल्या. पडदे मात्र पिशवीत घालून घरात नेऊन ठेवले.

२९ जुलै

वास आहे. भीमसेनी कापूर ठेवला. आता कापराचाही वास आहे.

३ ऑगस्ट

सकाळी सुनेत्रा फोनवर आरोहीला हळू आवाजात सांगत होती, "नाही ग, त्यांना नको सांगूस. त्यांचं त्यांना कळू दे." काय कळू दे? मी तडक बाहेर गेलो आणि जुनी हातोडी काढली.

काँक्रीट आतून सुटलं असलं की हातोडीला पोकळ आवाज येतो. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. ट्रेलरच्या डाव्या भिंतीवर मारत गेलो. टक, टक, टक, आणि मग ढप. तीन फूट ढप. नवा कागद चाकूने कापला. मागचं लाकूड बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. काळीकुट्ट बुरशी, केसाळ. त्यांनी भिंत वाळवली नव्हती, झाकली होती.

मग थांबलोच नाही. चार तास. खाली झोपून, छतावर चढून, पलंग उचलून. एका चाकाचा एक नट सैल. सांडपाण्याच्या नळीला आधार म्हणून चिकटपट्टी. गॅसच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. याच शेगडीवर तिने पोहे केले होते. एकसष्ट दोष. कुंकवाचं स्वस्तिक मात्र अजून शाबूत.

सुनेत्रा पायरीवर चहा घेऊन उभी होती. मी तिला भिंत दाखवली. तिने पदराने नाक झाकलं आणि इतकंच म्हणाली, "हे वसुधाच्या दारात नाही न्यायचं."

"नेत नाही," मी म्हटलं. "पण यांना सोडतही नाही."

५ ऑगस्ट

परवा डीलरला भिंतीचे फोटो ईमेलने पाठवले होते, आज त्यांच्या वकिलाचं उत्तर. सोबत माझ्या सहीचा कागद: "वाहनाची दोन तास सविस्तर तपासणी करून दाखवण्यात आली. माझे पूर्ण समाधान झाले." खाली माझी लफ्फेदार सही.

दोन तास! दोन मिनिटंही नाही! आणि का? त्या पूजेपायी. लिंबं, नारळ, हळदकुंकू, त्यात वेळ गेला आणि तो रे निघून गेला. आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध बोललो आणि शेवटी कर्मकांडानेच मला बुडवलं. हे मी सुनेत्राला तोंडावर बोललो. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

शार्दूलला फोन केला. "काका, व्हिडिओ आहे ना माझ्याकडे. फुल आहे. पाठवू?" पाठव म्हटलं. पुरावा म्हणून लागेल.

६ ऑगस्ट

पूजा सात मिनिटांत संपते. नारळ फुटतो, टाळ्या.

माझं भाषण एकेचाळीस मिनिटं चालतं.

रे सुरुवातीला हसतमुख आहे. त्याने पाटीवर पेन लावून ठेवलंय. चौदाव्या मिनिटाला घड्याळ बघतो. बाविसाव्या मिनिटाला पुन्हा. पंचविसाव्या मिनिटाला सुनेत्रा माझी बाही ओढते. आवाज स्पष्ट आहे: "अहो, तो माणूस दाखवायला थांबलाय. मला त्याला भिंतींचं विचारायचंय." आणि मी, हात हवेत तसाच ठेवून, "थांबेल तो." लोक हसतात. मी पण हसतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला ब्रॅड येऊन रेला घेऊन जातो. त्यानंतर तेरा मिनिटं मी इतिहासातली उदाहरणं देतो.

तिने काल मान वर केली नाही.

शार्दूलचा खाली मेसेज: "काका, स्पीच एक नंबर होतं यार!!"

७ ऑगस्ट

कुणाला काही सांगितलं नाही. व्हिडिओ पुरावा म्हणून उपयोगाचा नाही, इतकंच शार्दूलला कळवलं.

डीलरची लबाडी ती लबाडीच. त्यांनी बुरशीवर कागद चिकटवला, हे माझ्या भाषणामुळे झालेलं नाही. हे वाक्य मी आज तीन वेळा लिहून पाहिलं. खरं आहे. तरी बसवत नाही.

२७ ऑगस्ट

निघायची वीस तारीख कधीच गेली. आज दोन पत्रं एकाच दिवशी.

पहिलं: विधिमंडळाच्या ग्राहक समितीपुढे नऊ सप्टेंबरला ट्रेंटनमध्ये सुनावणी. मी जूनमध्ये लिहिलेल्या पत्रावरून मला साक्षीला बोलावलंय. तीन मिनिटं.

दुसरं: डीलर ट्रेलर परत घ्यायला तयार. पूर्ण पैसे परत. अट अशी की मी या विषयावर कुठेही, कधीही, कुणापुढेही बोलायचं किंवा लिहायचं नाही. उत्तर पाच तारखेपर्यंत.

मी जोरजोरात येरझाऱ्या घातल्या. सुनेत्राला म्हटलं, "माझी जीभ विकत मागतायत! उद्या एखाद्या बाळंतिणीला घेऊन कुणी त्या गॅसशेजारी झोपेल आणि मी गप्प?"

"मग नका गप्प बसू."

"पण सुनावणी नऊला आणि वसुधा आठला."

"हो."

"सही केली तर उद्यासुद्धा निघता येईल आपल्याला. दोघांना."

"अहो, सही करा म्हणून मी सांगणार नाही, करू नका म्हणूनही नाही. तुम्हाला न बोलता राहिलेलं मी बेचाळीस वर्षांत पाहिलेलं नाही, आता तिथे वसुधाच्या उशाशी बसून धुमसत राहाल ते मला नकोय. तुम्ही ट्रेंटनला जा. मी सहा तारखेला जातेय."

"तिकीट मिळेल इतक्या उशिरा?"

तिने वहीतून कागद काढला. तिकिटाच्या कोपऱ्यात काढल्याची तारीख होती. तीन जून.

तीन जून. म्हणजे मी रबरी पट्टीवरून ओरडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी उन्हाळाभर लढत होतो आणि ती बॅग भरत होती. मला फसवल्यासारखं वाटलं. तसं म्हणालोही.

"फसवलं नाही हो," ती म्हणाली. "मी एक खुर्ची माझ्यापुरती राखून ठेवली."

५ सप्टेंबर

सही केली नाही.

६ सप्टेंबर

सुनेत्राला नूअर्क विमानतळावर सोडून आलो. एक बॅग कपड्यांची, एक मेतकूट, भाजणी आणि साबुदाण्याच्या पापड्यांची. मी म्हटलं, तिला यातलं काही चालणार नाही. ती म्हणाली, आरोहीला चालेल ना. आत जाताना तिने वळून पाहिलं, पण माझ्या मागे लोक होते, त्यांच्यामुळे मी दिसलो की नाही कोण जाणे.

घर रिकामं. ट्रेलर दारात.

९ सप्टेंबर, मंगळवार. ट्रेंटन

बारा पानं तयार केली होती. तीन मिनिटांत बसावीत म्हणून काल दिवसभर मोठ्याने वाचत छाटत होतो. शेजारच्या कुत्र्याला ती पाठ झाली असतील.

मी एकसष्ट दोषांतले पहिले सहा सांगितले. भिंतीचे फोटो दाखवले. आवाज चांगला लागला होता. मग समितीतल्या एका कृष्णवर्णीय, करड्या केसांच्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "सर, तुम्ही काय काम करत होता?"

"पुलांची तपासणी, मॅडम. तीस वर्षं."

मागून कुणीतरी हसलं. डीलर संघटनेच्या वकिलाने लगेच माझ्या सहीचा कागद पुढे केला. "आणि या तज्ज्ञ गृहस्थांनी पूर्ण समाधान झाल्याची सही केली आहे."

मी तयार होतो. घाईगर्दीत सही घेण्याच्या धंद्याच्या पद्धतीवर दोन उत्तम वाक्यं पाठ होती. तोंड उघडलं आणि ती आली नाहीत. मी म्हणालो, "तपासणी दाखवायला माणूस उभा होता. मी एकेचाळीस मिनिटं भाषण केलं. माझ्या पत्नीने मला थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबलो नाही. तो माणूस गेला आणि न बघता मी सही केली. ही माझी चूक आहे. भिंतीतली बुरशी ही माझी चूक नाही. पण मॅडम, मी पूल तपासणारा असून सही केली. तर पहिल्यांदा घर घेणारी पोरं कशी वाचतील? माणूस त्या दिवशी आनंदात असतो. तुमचा कायदा त्या आनंदात असलेल्या माणसासाठी हवा."

अजून पन्नास सेकंद शिल्लक होते. मी खाली बसलो. त्या बाई काहीतरी लिहीत होत्या. काय, ते दिसलं नाही. कायदा होईल की नाही, कुणी सांगावं. बाहेर एक जोडपं माझी वाट बघत होतं, त्यांच्याकडेही असाच ट्रेलर. त्यांना माझी यादी दिली, गॅसच्या नळीला साबण कसा लावायचा ते सांगितलं. भाषण केलं नाही. उशीर होत होता, संध्याकाळचं विमान होतं.

सुनेत्राला विमानतळावरून फोन केला. "मी येतोय."

"कुठे झोपाल? हॉलमध्ये मी आहे."

"स्वयंपाकघरात झोपेन."

"या," ती म्हणाली. आणि मग, "काय म्हणालात तिथे?"

"आल्यावर सांगतो."

"थोडक्यात सांगा."

मी थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, "येताना आल्याच्या वड्या आणा ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानातून. वेळ असेल तर." वेळ नव्हता. विमानतळावर होतो.

१६ सप्टेंबर. बेलव्ह्यू

काल वसुधाला पेशी दिल्या. छोटीशी पिशवी, वीस मिनिटांत संपली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

आरोहीने फ्रिजवर तक्ता लावलाय. माझी पाळी दुपारी दोन ते सहा. "काका, मास्क. हँड्स वॉश. आणि प्लीज, आईला डिबेटमध्ये ओढू नका, शी गेट्स टायर्ड."

"मी कुणाला ओढतो?"

"काका!"

सुनेत्रा हसली. महिनाभरात पहिल्यांदा पाहिलं.

२४ सप्टेंबर

वसुधाच्या तोंडात फोड आलेत. गिळवत नाही, बोलवत नाही. नर्स म्हणाली, आणखी चारपाच दिवस असेच. केस गेलेत. डोक्याला आरोहीची लोकरीची टोपी. मी दोनला जातो, हात धुतो, मास्क लावतो, खुर्चीत बसतो आणि दर दहा मिनिटांनी चमच्याने बर्फाचा चुरा तिच्या जिभेवर ठेवतो. गेले आठ दिवस मी तिथे जवळजवळ बोललोच नाही. सुनेत्राला याचा अभिमान वाटतो, ती सगळ्यांना सांगते.

आज वसुधाने उशीखालून पाटी काढली. छोटी, मुलांची, पुसता येणारी. तिच्यावर लिहिलं, "भावजी, तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुला त्रास नको म्हणून."

तिने पुसलं, पुन्हा लिहिलं. बराच वेळ लागला. "इथे सगळे कुजबुजतात. मी मेले नाहीये. मोठ्याने बोला काहीतरी."

मला विषय सुचेना. मला! शेवटी म्हटलं, "कॅम्डेनला एक जुना उचलपूल आहे. एकदा मी खाली असताना तो मध्येच अडकला." एवढं बोलून थांबलो, तिचा चेहरा पाहिला. डोळे मिटलेले होते. झोपली असेल असं वाटलं.

तिने डोळे न उघडता तर्जनी उचलली आणि हवेत पुढे पुढे अशी फिरवली. मी आवाज थोडा चढवला. दारातून जाणारी नर्स थांबली. बर्फ वितळला होता, तो मी ओतून दुसरा आणला आणि पूल पुढे सांगू लागलो.